चार घोडे जास्त

आमच्या घराण्यात घोडा कुणी पाळल्याचं ऐकिवात नाही. आजोबा आपल्या लग्नाच्या वरातीत अर्धा तास घोड्यावर बसले होते. तो घोडा भाड्याचा होता आणि वयानं त्यांच्या सासऱ्यांच्या बरोबरीचा दिसत होता म्हणे. पण त्या अर्ध्या तासाबद्दल ते पुढली पन्नास वर्षं बोलत राहिले. वडिलांनी सगळी नोकरी सायकलवर काढली. अशा या पायदळाच्या घराण्यात अस्मादिकांनी १९८१ साली एक वापरलेली फियाट विकत घेतली. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस होते, त्यामुळे वापरलेली गाडीसुद्धा लोक नव्या सुनेसारखी बघायला येत. विकणाऱ्यानं बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "चाळीसएक घोडे आहेत साहेब यात." मला एकदम सरदार झाल्यासारखं वाटलं. चाळीस घोडे! पेशवाईत असतो तर एखादं गाव तरी इनाम मिळालं असतं.

पण माणसाचा स्वभाव पाहा. घोडा नव्हता तोवर घोड्याची आठवण नव्हती. चाळीस आले आणि चव्वेचाळिसाव्याची तहान लागली.

तहान लागायला कारण झाले आमच्या बँकेतले एक वरिष्ठ. त्यांच्याकडे ॲम्बेसेडर होती. रोज सकाळी कर्वे रोडवर ते मला मागे टाकून जात आणि जाताना किंचित मान हलवत. नुसते गेले असते तर मी काही म्हटलं नसतं. ती मान मला सहन होईना. शेवटी नाना पेठेतल्या एका उस्तादाकडे गाडी घेऊन गेलो. या उस्तादाचा लौकिक असा की तो गाडीचा आवाज ऐकून मालकाचा पगार सांगे.

उस्तादानं जे तत्त्वज्ञान सांगितलं ते मी पुढे बऱ्याच जाड पुस्तकांत शोधलं, इतक्या स्वच्छ शब्दांत कुठं सापडलं नाही. तो म्हणाला, "साहेब, कारखानेवाल्यानं ही गाडी तुमच्यासाठी बनवलेलीच नाही. मुल्कातला सगळ्यात गाढव माणूस चालवेल, वर्षभर ऑईल बदलणार नाही, भेसळीचं पेट्रोल भरेल, मे महिन्यात आठ माणसं कोंबून घाट चढवेल, हे धरून बनवलीय. म्हणून इंजिनात थोडी ताकद दाबून ठेवलीय. तेवढी आपण काढून घ्यायची."

मी गाढव नाही हे त्यानं न विचारताच मान्य केलं, याचं मला फार बरं वाटलं.

मग त्यानं हेड उतरवलं आणि घासून घेतलं. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो (मलाही तेव्हा कळत नव्हतं, पण मान डोलावण्याचा सराव बँकेत झाला होता). सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण पिस्टन दाबून धरतो आणि मग ठिणगी पडते. जितकं जास्त दाबावं तितका पुढचा धक्का जोरकस. हेड खालून घासलं की दाबायची जागा लहान होते आणि दाब वाढतो. त्याबरोबर कार्ब्युरेटरचं जेट मोठं केलं, ठिणगीची वेळ थोडी अलीकडे आणली. खर्च झाला, तो मात्र उस्तादानं मोजून घेतला. वाढलेले घोडे कुणी मोजले नाहीत. "चार तरी आलेच," असं तो म्हणाला आणि मी ते चार घोडे पावतीशिवाय ताब्यात घेतले.

त्याच वेळी तो एक वाक्य बोलला होता. "हँडब्रेक ढिला झालाय, तोही करून टाकू का?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. ते पैसे घोड्यांत गेले होते.

दुसऱ्या दिवशी कर्वे रोडवर मी ॲम्बेसेडरला मागे टाकलं. मान हलवली. त्या क्षणाचं वर्णन करण्याइतकी माझी भाषा समर्थ नाही, आणि सौ. म्हणते तेवढी गरजही नाही.

आता यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. गाडी माझी, पैसे माझे, इंजिन माझं. मग त्यातली दाबून ठेवलेली ताकद कुणाची? बँकेत तीस वर्षं मी काउंटरच्या या बाजूला बसून एकच भांडण ऐकलं. खातं माझं, पैसे माझे, मग शेवटचे शंभर रुपये काढू का देत नाही? मी त्यांना किमान शिल्लक म्हणजे काय ते समजावून सांगायचो, ते मला बँकवाले चोर असतात हे समजावून सांगायचे. आणि तोच मी उस्तादापुढे बसून इंजिनातली किमान शिल्लक काढून घेत होतो. बरं, ही शिल्लक हिशेबाला सोपी नाही. इंजिनाचे फेरे दहा टक्क्यांनी वाढवले तर पिस्टनला वरखाली ओढणाऱ्या दांड्यावरचा ताण दहा टक्के वाढत नाही, एकवीस टक्के वाढतो. दहा टक्के दरानं दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज नेमकं एवढंच होतं. फेरे दुप्पट केले तर ताण चौपट. आणि पेट्रोलात जेवढी उष्णता असते तिचा ढोबळमानानं चौथा हिस्साच त्या काळच्या गाड्यांत चाकापर्यंत जाई. बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडे. म्हणजे एक घोडा वाढवला की त्याच्यामागून तीन घोड्यांची आग फुकट येते आणि ती कुठंतरी ठेवावी लागते.

आमची आग आम्ही बोरघाटात ठेवली.

१९८३ चा मे महिना. मुंबईचं एक लग्न आटोपून पुण्याला परत येत होतो. गाडीत सौ., दोन मुलं, रुखवतातल्या मिठाईचे तीन डबे आणि सासरे. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी ट्रकवाले नाणं टाकतात. इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा धनगर तो. सासऱ्यांनी खिशातून चार आणे काढून हातात धरले होते. पण तेवढ्यात एक ॲम्बेसेडर शेजारून पुढे गेली. ओळखीची नव्हती, तरी मला तिची मान हललेली दिसली. मी पाय दाबला. शिंग्रोबा मागे राहिला, चार आणे सासऱ्यांच्या हातातच राहिले.

वळणावर इंजिनातून बारीक आवाज येऊ लागला. तव्यावर खडे टाकल्यासारखा. "डब्यातले लाडू वाजताहेत का हो?" असं सासऱ्यांनी विचारलं. लाडू नव्हते, ते नॉकिंग होतं. दाब वाढवलेल्या, तापलेल्या इंजिनात मिश्रण ठिणगीच्या ज्वालेची वाट न पाहता आपलं आपण पेटतं आणि पिस्टनच्या टाळक्यावर हातोडी मारल्यासारखा दणका देतं. चांगल्या प्रतीचं पेट्रोल असतं तर ते दाबाखाली जरा दम धरतं. मी अर्थातच स्वस्तातलं भरलं होतं. पुढच्या वळणावर हेडखालचं गॅस्केट गेलं, बॉनेटमधून वाफेचा लोट उठला, इंजिन बंद पडलं आणि चढावर गाडी मागे घसरू लागली. पायानं ब्रेक दाबून धरला होता, पण माझा पाय थरथरत होता. हँडब्रेक ओढला, तो ओढण्यापुरताच होता.

मागे भरलेला ट्रक होता. त्याचे ब्रेक किंचाळले ते मला अजून ऐकू येतात. ट्रकचा क्लीनर, सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, उडी मारून खाली आला आणि माझ्या मागच्या चाकाखाली त्यानं धोंडा लावला. दोन वाहनांच्या मधे शिरून. मग "साब, पानी डालता हूँ" म्हणत त्यानं फडकं घेतलं आणि मी नको म्हणेपर्यंत रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी त्याच्या हातावर कोपरापर्यंत उडालं.

तो ओरडला नाही. नुसता खाली बसला. सासऱ्यांनी मिठाईच्या डब्याखालचा बर्फ, बर्फ कसला, बर्फाचं उरलेलं पाणी, त्याच्या हातावर ओतलं. मी त्याला वीस रुपये दिले. ट्रकवाला घाईत होता, दोघं निघून गेले. त्या पोराचं नाव मी विचारलं नाही. घरी आल्यावर सासरे मला काही बोलले नाहीत. मुख्याध्यापक माणूस जेव्हा बोलत नाही तेव्हा काय होतं हे ज्यांनी शाळेत अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

तेव्हापासून "गाडी माझी, धोका माझा" हे वाक्य मला पूर्ण करता येत नाही. घोडे माझे होते हे खरं. हात त्याचा होता.

पुढे वाचनात आलं की ही गंमत आपल्यापुरती नाही. हे नॉकिंग बंद करण्यासाठी अमेरिकेत थॉमस मिजली नावाच्या गृहस्थानं १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालायची युक्ती काढली. नॉकिंग थांबलं, दाब वाढवता आला, जगभरच्या मोटारींचे घोडे वाढले. शिसं विषारी हे रोमन काळापासून ठाऊक होतं. १९२४ साली न्यू जर्सीच्या कारखान्यात हे संयुग करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तेव्हा मिजलीसाहेबांनी पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर ते द्रव्य हातावर ओतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. आदल्याच वर्षी ते स्वतः शिशाच्या बाधेनं आजारी पडून विश्रांतीला गेले होते, हे मात्र हुंगताना सांगायचं राहून गेलं. मग पाऊणशे वर्षं जगातल्या प्रत्येक रस्त्याकडेच्या पोरानं ते हुंगलं, ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांच्या पोरांनी सर्वांत जास्त. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल सगळीकडून गेलं ते २००० सालच्या फेब्रुवारीत. जगातला शेवटचा पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला. म्हणजे कर्वे रोडवर मी मान हलवत होतो तेव्हा माझ्या धुराड्यामागे सायकलवरून शाळेत जाणारी मुलंही त्या मान हलवण्याची वर्गणी भरत होती.

असो. मी नीतिमान माणूस आहे असा समज व्हायच्या आत गाडीच्या विक्रीची हकीगत सांगून टाकतो.

तापल्यामुळे हेड वाकलं होतं. वाकलेलं हेड सपाट करायला ते पुन्हा घासावं लागतं. म्हणजे दाब आणखी वाढला. गाडी आता नवसासारखी झाली होती, बोललं तर पुरवावं लागे. १९८४ साली मी ती विकायला काढली. साताऱ्याकडचे एक शिक्षक आले. सज्जन माणूस, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, पिशवीत पैसे. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "गाडीला काही केलंय का?"

मी म्हटलं, "हेड नुकतंच केलंय."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यांनी त्याचा अर्थ दुरुस्ती असा घेतला, आणि तसाच घ्यावा म्हणून मी ते तसं उच्चारलं होतं. धर्मराजानं द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेला असं सांगितलं आणि 'नरो वा कुंजरो वा' पुटपुटला, तेव्हा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ धाडकन खाली आला म्हणतात. माझी गाडी आधीपासूनच जमिनीवर होती, त्यामुळे मला काही जाणवलं नाही. शिक्षक साताऱ्याला जाणार म्हणजे कात्रजचा घाट, मग खंबाटकी. ते गेल्यावर आठवडाभर मला टेलिफोनची घंटा वाजली की घाम फुटे. घंटा वाजलीच नाही. यावरून गाडी नीट चालली असाही निष्कर्ष निघतो आणि साताऱ्यात त्यांच्याकडे टेलिफोन नव्हता असाही. मी चाळीस वर्षं पहिला निष्कर्ष वापरतो आहे.

हे सगळं आता आठवायचं कारण आमचा भाचा. चाळिशीला टेकला, पण गाडी म्हटलं की सोळाचा होतो. त्याच्याकडे डिझेलची जुनी स्विफ्ट आहे. हल्ली हेड घासायची गरज नाही. इंजिनात किती डिझेल, कधी, टर्बोचा दाब किती, हे ठरवणारा आकड्यांचा तक्ता गाडीच्या संगणकात असतो. लॅपटॉप जोडायचा, तक्ता बदलायचा, तासाभरात घोडे वाढतात. हाताला काळं लागत नाही. माझ्या मते हीच त्यातली खरी वाईट गोष्ट आहे. हाताला काळं लागलं की माणूस थोडा तरी विचार करतो.

"मामा, पंचाहत्तराचे पंच्याण्णव केले," असं त्यानं मला सांगितलं तेव्हा मी बोरघाट काढला. तो हसला. "तुझी फियाट वेगळी. हेच इंजिन कंपनी दुसऱ्या मोठ्या गाडीत नव्वदला विकत होती. म्हणजे ताकद आधीपासून आतच आहे, कंपनी फक्त कुलूप लावून विकते." क्षणभर मी गप्प झालो, कारण यात तथ्य होतं. पण निवृत्त माणसाला वेळ असतो. शोधलं तेव्हा कळलं की इंजिन तेच असलं तरी नव्वदवाल्यात टर्बो निराळ्या जातीचा होता, ज्याच्या आतली पाती गरजेप्रमाणे हलतात. याच्या गाडीत साधा टर्बो. बोटाएवढं ते चाक पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतं, लालबुंद धुरात उभं राहून. त्याला आणखी पळवायचं म्हणजे काय ते भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तू यू-ट्यूब कमी बघ."

तसा माझा हट्ट नाही की घोडे वाढवूच नयेत. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूवाल्यांनी साध्या मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक घेतला, दीड लिटरचा, चार सिलिंडरचा, आणि शर्यतीच्या गाडीत घातला. १९८३ साली त्यावर नेल्सन पिके विश्वविजेता झाला. १९८६ पर्यंत पात्रता फेरीसाठी ते टर्बोची जादा हवा सोडणारी झडपच बंद करून टाकत. कुकरची शिट्टी तारेनं बांधून ठेवावी तसं. त्यांच्या मोजयंत्राचा काटा १२८० घोड्यांपुढे जात नव्हता, म्हणून खरा आकडा कुणालाच माहीत नाही असं सांगतात. दोन-चार फेऱ्यांत इंजिन संपे, ते काढून शर्यतीसाठी दुसरं बसवत. मला यात अनीती दिसत नाही. इंजिन मरणार हे सगळ्यांना माहीत होतं, चालवणाऱ्याला तर सर्वांत आधी. कुणी ते इंजिन नंतर साताऱ्याच्या शिक्षकाला विकलं नाही.

तर भाच्यानं गेल्या महिन्यात स्विफ्ट विकायला काढली. विकायच्या आधी लॅपटॉप जोडून जुना तक्ता परत घातला. "झालं, कंपनीतून आल्यासारखी!" मी विचारलं, तीन वर्षं पंच्याण्णव घोड्यांनी जे झिजलं ते? क्लच एकदा बदलला तो? तो म्हणाला, "कुणी विचारलं तर सांगू ना." हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. मग म्हणाला, "रविवारी गिऱ्हाईक येतंय. मामा, तू फक्त खुर्ची टाकून बस. वडीलधारा माणूस दिसला की लोकांना भरवसा वाटतो."

रविवारी खुर्ची टाकून बसलो. गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण, त्याची बायको आणि आई. तरुणानं गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. टायरला लाथ मारली. मग भाच्याला सोडून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काका, गाडीला काही केलेलं नाही ना?"

भाचा माझ्याकडे बघत होता. मला बोरघाट आठवला म्हणावं तर तसं झालं नाही. टोपी आणि पिशवी आठवली.

मी सगळं सांगून टाकलं. पंचाहत्तर, पंच्याण्णव, तीन वर्षं, टर्बो, क्लच, परत घातलेला तक्ता. भाच्याचा चेहरा बॉनेटमधून वाफ निघावी तसा झाला. किंमत तीस हजारांनी उतरणार हे मला दिसत होतं, आणि पुढच्या भाऊबीजेला बहिणीकडे काय ऐकावं लागणार तेही.

तरुण शांतपणे ऐकत होता. मी थांबल्यावर तो भाच्याच्या जवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ती फाईल आहे का अजून तुमच्याकडे?"

"आहे की," भाचा म्हणाला.

दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिले. मी उठून गाडीपाशी गेलो. मागच्या सीटवर त्याची आई चपला काढून, पाय वर घेऊन बसून पाहत होती, आणि काच खाली कशी करायची ते मला विचारत होती.